वाचकांचे प्रश्न : वाइड अँगल लेन्स, फिल्टर होल्डर आणि काळे कोपरे

प्रश्न : मी पेंटॅक्स ६७ कॅमेऱ्यावर ४५ मिमी एफ/४ लेन्स वापरतो. लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम असतो आणि त्यावर कोकिन कंपनीचा पी मालिकेतला होल्डर (चौकोनी फिल्टर धरणारी चौकट) लावून ग्रॅड, म्हणजे एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला पारदर्शक असलेला फिल्टर, घालतो. कोकणकड्यावर काढलेल्या स्लाइडमध्ये डावा वरचा आणि उजवा खालचा कोपरा साफ काळा आला. व्ह्यूफाइंडरमध्ये तसे काहीच दिसले नव्हते. मोठ्या होल्डरचा खर्च टाळता येईल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : समोरासमोरचे दोनच कोपरे गेले आहेत, म्हणजे कड्याच्या उतारानुसार आपण होल्डर तिरका फिरवला असणार. हळूहळू गडद होत जाणारे चारही कोपरे हा वाइड लेन्सचा स्वभावच असतो. रेघ ओढल्यासारखी काळी कड दिसली, तर ती बहुधा होल्डरचीच. या कॅमेऱ्याच्या ६x७ चौकटीचा, म्हणजे फिल्मवरच्या एका चित्राचा, कर्ण आडव्या बाजूशी साधारण ३८ अंशांचा कोन करतो. होल्डर सरळ असताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या, फिल्टर सरकवायच्या खाचा कोपऱ्यांपासून तशा दूर असतात. तो या कोनाकडे झुकू लागला की त्याच खाचा नेमक्या दोन कोपऱ्यांच्या वाटेत येतात. त्यामुळे सपाट क्षितिजावर निर्धोक वाटणारी रचना डोंगरात दगा देते.

मूळ अडचण भूमितीची आहे. या लेन्सचा कर्णावरील दृष्टिकोन ८९ अंश आहे. म्हणजे लेन्सपुढे प्रत्येक मिलिमीटर सरकताना मोकळ्या वाटेचा व्यास जवळपास दोन मिलिमीटरनी वाढायला हवा. आपल्या लेन्सची फिल्टरची आटी ८२ मिमीची आणि पी मालिकेतला फिल्टर जेमतेम ८४ मिमी रुंद, तेव्हा पुढे सरकायला जागा उरतेच कुठे? त्यात यूव्ही फिल्टरच्या कड्याने संपूर्ण होल्डर आणखी पुढे ढकलला आहे. तो यूव्ही फिल्टर आधी काढा. यासाठी एक पैसाही लागत नाही. त्यानंतर एकाच खाचेचा वाइड होल्डर घ्यावा, किंवा आहे त्याच होल्डरच्या पुढच्या खाचा करवतीने कापून टाकाव्यात. हा दुसरा उपाय दिसायला ओबडधोबड असला तरी अनेक छायाचित्रकारांनी तो केलेला आहे.

एवढ्याने भागले की नाही, हे व्ह्यूफाइंडरवरून ठरवू नका, कारण या कॅमेऱ्याचा प्रिझम चौकटीचा सुमारे ९० टक्केच भाग दाखवतो आणि कोपरे नेमके उरलेल्या भागात असतात. फिल्म न घालता मागचे झाकण उघडा, लेन्सचा फोकस अनंतावर आणि अॅपर्चर एफ/१६ वर ठेवा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते ती सोय) उघडे धरा आणि कॅमेरा उजेडाकडे करून फिल्मच्या चौकटीच्या अगदी कोपऱ्याजवळून अॅपर्चरच्या छिद्राकडे पाहा. छिद्राचा उजळ आकार अखंड दिसला तर तो कोपरा सुरक्षित. एका बाजूने चावा घेतल्यासारखा दिसला तर होल्डर आड येतो आहे. होल्डर थोडाथोडा फिरवत चारही कोपरे असे तपासले की किती अंशांपर्यंत झुकवता येईल, ते कळते. तिथे होल्डरवर रंगाची खूण करून ठेवावी.

तिरका होल्डर वरचेवर लागत असेल, तर खर्च टाळण्यात अर्थ नाही. १०० मिमीचा होल्डर आणि ८२ मिमीची खोलगट वाइड अँगल अडॅप्टर रिंग घ्यावी. या रिंगमुळे होल्डर लेन्सच्या कडेमागे सरकतो. मात्र तोही एकाच खाचेचा ठेवून वरीलप्रमाणेच तपासून घ्यावा.

कुणी पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) जोडायलाही सुचवील, पण या लेन्सवर तो मी लावणार नाही. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश त्याने सर्वाधिक गडद होते. एवढ्या रुंद चौकटीत तो गडद पट्टा आणि त्याशेजारचे फिके आकाश दोन्ही येतात, आणि ते स्लाइडवर लपत नाही.