लेटेकमध्ये टेबलच्या सेलना रंग दिला की मध्ये पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि अक्षरं कडेला चिकटतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लेटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकुराची मांडणी करणारी प्रणाली) केलेला तक्ता कोल्हापूर जिल्ह्याच्या 12 तालुक्यांचा आहे, जून ते सप्टेंबरचा पाऊस, आणि पाऊस जास्त तिथे निळा गडद. मथळ्याच्या ओळीखाली पांढरी पट्टी उरते, आणि ‘शाहूवाडी’, ‘भुदरगड’ यांचे उकार रंगाच्या खालच्या कडेला टेकतात. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत प्रबंधांचं टाईपसेटिंग करतो. रंगीत तक्ता आला की हे दोन्ही त्रास बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

दोन्हीचं मूळ एकच आहे. रंग फक्त ओळीच्या पेटीत भरला जातो. दोन ओळींच्या मध्ये सोडलेली जागा कागदाच्या रंगाचीच राहते. म्हणून मोकळी जागा हवी तर ती सेलच्या आत वाढवायची, बाहेर नाही.

मथळ्याखाली मिडरूल (तक्त्यातली मधली आडवी रेघ) वापरला असेल, तर तुम्ही बुकटॅब्स पॅकेज, म्हणजे लेटेकला तक्त्यांच्या रेघांसाठी जोडायचा भाग, घेतलंय. ते या मधल्या रेघेच्या वर 0.4 एक्स आणि खाली 0.65 एक्स जागा सोडतं (एक्स म्हणजे फॉन्टमधल्या x अक्षराची उंची). साध्या तक्त्यात ही जागा फार देखणी दिसते, रंगीत तक्त्यात मात्र तीच पांढरी पट्टी होते. रेघेवरच्या आणि खालच्या जागेच्या अबव्हरूलसेप आणि बिलोरूलसेप या दोन्ही लांबी सेटलेंथ या आज्ञेने शून्य पॉइंट करा, पट्टी जाईल. ओळींमध्ये जादा जागा सोडणारं अॅडलाइनस्पेस कुठे वापरलं असेल तर तेही काढा.

आता ओळी दाटीवाटीच्या दिसतील, आणि इथे मराठीचा खरा प्रश्न येतो. लेटेक प्रत्येक ओळीत एक अदृश्य खांब उभा करतं. त्याचा सात दशांश भाग बेसलाइनच्या (अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेच्या) वर आणि तीन दशांश खाली असतो. 10 पॉइंटच्या मजकुरात ओळींचं अंतर 12 पॉइंट, म्हणजे वर 8.4 आणि खाली 3.6. हे माप रोमन अक्षरांना पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार. बऱ्याच देवनागरी फॉन्टना ते अपुरं पडतं. एक्स्ट्रारोहाइट (ओळीची जादा उंची) वाढवा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ती लांबी फक्त वरची जागा वाढवते, तुमचे उकार टेकलेलेच राहतील. त्याऐवजी अरेस्ट्रेच, म्हणजे खांब किती पट करायचा तो आकडा, 1.3 करा. ही लांबी नव्हे, म्हणून ती सेटलेंथने नाही तर रिन्यूकमांड या आज्ञेने बदलायची. मग वर 10.9 आणि खाली 4.7 पॉइंटच्या आसपास मिळतात. वर आणि खाली वेगवेगळी जागा द्यायची असेल तर टॅब्युलरअरे पॅकेज घ्या. त्यात ओळीच्या वरची जागा (अबव्हसेप) आणि खालची (बिलोसेप) स्वतंत्र आहेत, मुळात दोन्ही 2 पॉइंट. नवा तक्ता सुरू करणाऱ्याला मी आता हेच सुचवतो.

एवढं करूनही सेलच्या मध्ये केसाएवढ्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, आधी पीडीएफ 800 टक्क्यांवर मोठी करून बघा. रेघ मोठी होत गेली तर ती खरीच आहे, माप चुकलंय. मोठं करूनही तेवढीच बारीक राहिली किंवा गायब झाली, तर तो पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामचा दोष. शेजारशेजारचे दोन चौकोन वेगवेगळे रंगवताना कड मऊ केली जाते, त्यातून ती दिसते. कागदावर सहसा उतरत नाही. तरीही ती खुपत असेल तर नाइसमॅट्रिक्स हे पॅकेज वापरा. ते आधी सगळे रंग भरतं आणि रेघा नंतर मारतं. फक्त दस्तऐवज दोनदा तरी चालवावा लागतो.

मल्टिरो (अनेक ओळींवर पसरलेला सेल) आणि रंग एकत्र असतील तर मजकूर खालच्या ओळीच्या रंगाखाली झाकला जातो. तेव्हा मल्टिरो शेवटच्या ओळीत लिहून ओळींची संख्या उणे द्या.

बदल केल्यावर अख्खा तक्ता तपासत बसू नका. वरच्या कडेसाठी ‘गडहिंग्लज’ आणि ‘शिरोळ’ बघा, खालच्या कडेसाठी ‘शाहूवाडी’ आणि ‘भुदरगड’. ही चार नावं नीट बसली की बाकीची आठ बसतातच.