इंग्रजीतल्या ‘बो’ आणि ‘बाउ’चे स्पेलिंग एकच (bow) का? हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का?

नाही, हे वेगवेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत त्यांची रूपेही वेगळी होती. ‘बो’ म्हणजे धनुष्य, व्हायोलिनचा गज किंवा रिबिनीची फुलासारखी गाठ. तो ‘बोगा’पासून आला. रेनबो आणि एल्बो (हात वाकतो ती जागा) यांतही तोच आहे. ‘बाउ’ म्हणजे वाकून नमस्कार करणे. तो ‘बूगन’ या क्रियापदाचा वंशज. काळाच्या ओघात उच्चार बदलले, स्पेलिंग मात्र एक झाले. दोघांच्या मुळाशी ‘वाकणे’ हाच अर्थ आहे, आणि संस्कृतातला ‘भुज्’ हा वाकण्याचा धातू त्यांचा सख्खा नातलग. वाकडा चालणारा तो भुजंग!

एक सावधगिरी मात्र बाळगा. जहाजाच्या पुढच्या भागालाही ‘बाउ’च म्हणतात, पण त्याचा वाकण्याशी संबंध नाही. तो खलाशांच्या बोलीतून, डच किंवा शेजारच्या भाषांमधून आला. त्याचा मूळ अर्थ खांदा, आणि आपला ‘बाहू’ त्याच कुळातला. मला तर हे नाते सगळ्यांत सुंदर वाटते.