‘अर्धा इंची’ पाइपात अर्धा इंच कुठे असतो?

विचारणा अशी आहे. नळकाम करणारे ‘अर्धा इंची लाइन’ म्हणतात, पण त्या लोखंडी पाइपला पट्टी लावली तर तो बाहेरून २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. मग अर्धा इंच गेला कुठे? ‘अर्धा इंची’ हे ‘अर्ध्या इंचाचा’ याचं बिघडलेलं रूप समजायचं का? शिवाय ‘भिंतीपासून तीन इंच पाच सूत’ असं माप कानावर आलं. त्यातलं सूत म्हणजे किती, आणि ‘पाच सुतं’ न म्हणता ‘पाच सूत’ का म्हणतात?

सुतापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी मिळून इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा ठरवला, त्या हिशेबाने सूत ३.१७५ मिलिमीटरचं होतं. टेपवर इंचाचे सोळा भाग पाडलेले असतील तर लागोपाठच्या दोन रेघांमधलं अंतर अर्धं सूत.

शब्द अर्थातच धाग्याचा. गेरूत बुडवलेली दोरी ताणून लाकडावर रेघ उमटवायची, त्या दोरीलाही सूतच म्हणायचे. ‘सुतार’ हा शब्दही सूत्रधार या संस्कृत शब्दावरून आलेला. म्हणजे धागा, रेघ आणि माप ही या शब्दाच्या घरातलीच मंडळी. आपल्याकडे गजाचे चोवीस तसू असत. तो तसू गेला, त्याच्याबरोबर गजही गेला. सूत मात्र इंचाला जाऊन चिकटलं आणि टिकलं. ते का टिकलं असावं याचा माझा अंदाज असा: पाव, अर्धा आणि पाऊण या शब्दांनी इंचाचे चौथे भाग बोलता येतात, पण एक अष्टमांश, तीन अष्टमांश, पाच अष्टमांश हे बोलायला रोजच्या मराठीत सुटसुटीत शब्द नाही. वजनात शेराच्या आठव्या भागाला नवटाक होती, लांबीला तशी सोय नव्हती. शिडीवर उभं राहून ‘पाच अष्टमांश इंच’ कोण म्हणणार? ‘पाच सूत’ म्हटलं की खाली उभा असलेला माणूस बरोबर तेवढ्यावर खूण करतो.

आता अनेकवचन. इंच, फूट, मैल हे अकारान्त पुल्लिंगी शब्द, त्यांचं अनेकवचनी रूप बदलतच नाही. एक इंच, चार इंच. सूत मात्र नपुंसकलिंगी. घर–घरं या चालीने ‘पाच सुतं’ व्हायला हवं होतं, व्याकरणाची तक्रार रास्तच आहे. पण धागा या अर्थी सूत हा शब्द आपण मोजून वापरत नाही, तो कापूस-लोकरीसारखा एकवचनात राहतो. माप झाल्यावर तो इंच-फुटांच्या पंगतीत बसला आणि त्यांच्याचसारखा वागू लागला. ‘अर्धं सूत’ च्या बरोबरीने ‘अर्धा सूत’ असंही ऐकू येतं. माझ्या मते हाही त्या संगतीचाच परिणाम. ‘पाच सूत’ चूक म्हणायला मी तरी धजणार नाही.

‘अर्धा इंची’कडे वळू, खरी गंमत तिथे आहे. तो ‘अर्ध्या इंचाचा’ याचा अपभ्रंश नाही, घडणच वेगळी आहे. संख्या, मग नाम, मग ‘ई’: दुमजली, चौपदरी, नऊवारी. अशा शब्दांनी माप सांगितलं जात नाही, प्रकार सांगितला जातो. नऊवारीत भरून नऊ वार कापड आहे की नाही हे मोजल्यावर कळेल, पण नेसण्याचा प्रकार शब्दातूनच कळतो. ‘अर्धा इंची’ तसंच एक नाव आहे. ते गोठलेलं नाव आहे याचा पुरावा व्याकरणातच सापडतो. ‘अर्धा इंची टी दे’, ‘अर्धा इंची एल्बो दे’, ‘अर्धा इंची सॉकेट दे’ (हे सगळे पाइप जोडायचे तुकडे) यांत पुढच्या वस्तूचं लिंग काहीही असलं तरी ‘अर्धा’ हलत नाही. टी स्त्रीलिंगी म्हणून कुणी ‘अर्धी इंची टी’ म्हणत नाही. याउलट ‘अर्ध्या इंचाचं भोक’ हे माप आहे. तिथे पट्टी लावली तर साडेबारा मिलिमीटरच्या जरा पुढे, १२.७ वरच आली पाहिजे.

हा भेद ज्याला बोलण्यात कळला त्याचा कामात गोंधळ कमी होतो. कारण नावाच्या आत अर्धा इंच शोधायला गेलं तर प्रत्येक जातीच्या पाइपात तो वेगळ्याच ठिकाणी सापडतो, कधी सापडतच नाही. लोखंडी पाइपाचं नाव मुळात आतल्या पोकळीवरून, म्हणजे बोअरवरून पडलं. तेव्हा भिंती जाड होत्या. पुढे पातळ भिंतीचा पाइप करता येऊ लागला, पण बाहेरचा व्यास बदलता येईना. बदलला असता तर आधीच्या आट्यांवर (पाइपाच्या टोकाला पाडलेल्या पेचाच्या खाचांवर) नवी जोडणी बसली नसती. मग बाहेरचा व्यास तोच ठेवून भिंत आतून पातळ झाली, पोकळी वाढली, आणि नाव होतं तसंच राहिलं. आज अर्धा इंची लोखंडी पाइप बाहेरून सुमारे २१.३ मिलिमीटर, आणि मध्यम जाडीची २.६ मिलिमीटरची भिंत धरली तर आतून १६.१ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो ना आत ना बाहेर.

सीपीव्हीसी या प्लास्टिकचा अर्धा इंची घेतला तर गणित निराळंच. हा तांब्याच्या नळ्यांच्या मापावर बेतलेला. तिथे बाहेरचा व्यास नावापेक्षा बरोबर एक सूत जास्त असतो: अर्धा इंची बाहेरून पाच सूत म्हणजे १५.९ मिलिमीटर, पाऊण इंची सात सूत, इंची नऊ सूत. (पाइपांच्या दुनियेत सूत इतकं चपखल बसलेलं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही.) पीपीआर हा दुसरा प्लास्टिकचा पाइप तर इंचाच्या वाटेलाच जात नाही. त्याचं नाव बाहेरच्या व्यासावरून, २० म्हणजे बाहेरून २० मिलिमीटर. भिंत ३.४ असेल तर आत १३.२ उरतात, २.८ असेल तर १४.४. बोलीत यालाही ‘अर्धा इंची’ म्हणतात, आणि ते चूक नाही. अर्धा इंची कामाला तोच लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

या तिघांना एकत्र आणतात ते आटे. अर्धा इंची ब्रिटिश आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे. नळ, व्हॉल्व्ह, निपल यांवरचा ‘अर्धा इंच’ म्हणजे हे आटे. इथेही व्यास अर्धा इंच नाहीच. अमेरिकी अर्धा इंची आटेही इंचाला १४ च असतात, पण आट्याचा कोन ५५ अंशांऐवजी ६० असतो. त्यामुळे दोन-तीन फेरे गोडीत जातात आणि मग अडतात, आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी पाणी झिरपतं. इंचीपासून पुढे लवकर कळतं, कारण ब्रिटिश ११ आणि अमेरिकी साडेअकरा.

नावं असली म्हणून त्यांच्यावर गणित करता येतं असं नाही. ‘इंची पाइप म्हणजे अर्धा इंचीच्या दुप्पट पाणी’ असं सहज म्हटलं जातं. पोकळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे नावांवर विश्वास ठेवला तर चौपट हवं. प्रत्यक्ष मध्यम जाडीच्या लोखंडी पाइपात इंचीची पोकळी २७.३ मिलिमीटर आणि अर्धा इंचीची १६.१, क्षेत्रफळ सुमारे २.९ पट. दुप्पट नाही, चौपटही नाही.

मिलिमीटरमधली नावं घेतली तर सुटका होईल असं वाटतं, पण तिथे वेगळा खड्डा आहे. लोखंडी पाइपांसाठी अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन, अडीच या इंची नावांना अनुक्रमे १५, २०, २५, ३२, ४०, ५०, ६५ ही मेट्रिक नावं आहेत. हीसुद्धा मापं नाहीत, नावंच. आता प्लास्टिकचा २० म्हणजे बाहेरून २०, तो अर्धा इंचीच्या जागी जातो. लोखंडाचा २० म्हणजे पाऊण इंची. यादीत नुसतं ‘२० मिमी एल्बो’ लिहिलं तर दोन वेगळ्या वस्तू येऊ शकतात. त्यामुळे जात लिहायची, नुसता आकडा नाही.

बोलण्यात मात्र इंची मालिका हटेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण भाषेत आहे. अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: पाइपांच्या चालू मापांमध्ये जेवढे अपूर्णांक येतात, त्या सगळ्यांना मराठीत एकेका शब्दाचं नाव आधीपासून होतं. ‘दीड’ म्हटल्यावर ऐकण्यात चूक होत नाही. पंधरा आणि पन्नास मात्र पंपाच्या आवाजात सहज एकमेकांत मिसळतात.

आता ‘तीन इंच पाच सूत’. तीन इंचांचे ७६.२, पाच सुतांचे १५.८७५, एकूण ९२.०७५, म्हणजे ९२ मिलिमीटर धरायला हरकत नाही. खरा धोका लिहिण्यात आहे. घाईत कुणी याचं ‘३.५’ करतो. वाचणारा ते साडेतीन इंच समजतो, म्हणजे ८८.९ मिलिमीटर, आणि जोड अख्खं एक सूत आखूड पडतो. दशांश चिन्हाच्या पुढे दहावे भाग असतात, आठवे नाहीत. पाच सूत दशांशात न्यायचे तर पाचाला आठाने भागायचं: ०.६२५, म्हणून ३.६२५ इंच. फुटांतही हेच होतं. ५ फूट ४ इंच म्हणजे ५.४ फूट नव्हे, ५.३३ फूट. ५.४ फूट लिहिलं की ते पाच फूट पावणेपाच इंचांच्याही किंचित पुढे जातं. तोंडी माप सांगताना ‘इंच’ आणि ‘सूत’ हे शब्द मध्ये असतात म्हणून चूक होत नाही. कागदावर ते गळले आणि त्यांच्या जागी टिंब आलं की होते.

तोंडी हिशेबासाठी पाच सूत म्हणजे १६ मिलिमीटर हे एक लक्षात ठेवलं तरी पुरतं. चूक आठव्या भाग मिलिमीटरची, करवतीच्या पात्यात निघून जाते. लांबीत मात्र असली सवलत घेऊ नये. फूट ३०० मिलिमीटर धरला तर दर फुटाला ४.८ सुटतात, दहा फुटांत ४८, जवळजवळ दोन इंच. ‘वीस फुटी’ पाइपाचंही असंच. तो सहा मीटरचा असेल तर १९ फूट ८ इंच दोन सूत भरतो, वीस फुटांना ९६ मिलिमीटर कमी. ‘वीस फुटी’तली ‘ई’ पुन्हा तीच, नाव करणारी.

सूत जिथे मिलिमीटरपेक्षा सरस वाटतं अशी एक जागा आहे, ती म्हणजे सांडपाण्याच्या लाइनचा ढाळ. फुटात ९६ सूत असतात, म्हणून ‘फुटाला एक सूत’ म्हणजे ९६ ला १, ‘फुटाला दोन सूत’ म्हणजे ४८ ला १, टक्क्यांत सुमारे २.०८. दहा फुटांची लाइन असेल तर वीस सूत, म्हणजे अडीच इंच उतार. भागाकार नाही, दशांश नाही. मीटरमध्ये दोन टक्के म्हणजे मीटरला २० मिलिमीटर, हेही सोपंच. फक्त अर्धा हिशेब फुटात आणि अर्धा मिलिमीटरमध्ये करू नये. ‘फुटाला दोन सूत’चं कुणी ‘मीटरला सहा मिलिमीटर’ केलं तर सुतांचं मिलिमीटरमध्ये रूपांतर झालं, पण फुटाचं रूपांतर न करता त्याच्या जागी चुकून मीटर आला. ढाळ तिपटीहून जास्त घटतो आणि लाइन तुंबते.

जाता जाता ‘किलो’बद्दलही विचारलं आहे: ‘लाइनला चार किलो प्रेशर’ हे वजन कसलं? तो ‘दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम’ याचा बोलीतला संक्षेप आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे एक किलो. गेजवर (दाब दाखवणाऱ्या तबकडीवर) पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, असेल तर किलोला १४.२ धरायचे. बार हे दाबाचं एकक असेल तर फरक दोन टक्क्यांचाच, चार किलो म्हणजे ३.९ बार.