एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणजे दोघांपैकी कोणीतरी चुकलं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३४, लग्नाला ९ वर्षं झाली, अंगावर पांढरं जातं म्हणून दाखवायला गेलात. पॅपच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी तपासायच्या चाचणीच्या रिपोर्टवर सूज लिहिली आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा संबंधातून पसरणारा विषाणू, मात्र पॉझिटिव्ह आहे, १६ आणि १८ या क्रमांकांचे प्रकार सोडून दुसऱ्या कुठल्यातरी प्रकाराचा. नवऱ्यानं फसवलं का, पिशवी काढून टाकावी का आणि ७ वर्षांच्या मुलीला तुमच्यापासून काही होईल का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानंच उडाली असणार. नवऱ्यानं काय केलं किंवा काय केलं नाही, यातलं काहीही हा रिपोर्ट सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं सायटोलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासायच्या प्रयोगशाळेत पॅपच्या स्लाइड्स वाचते. आणि ३८ व्या वर्षी माझा स्वतःचा रिपोर्ट तुमच्यासारखाच आला होता. हा विषाणू किती सर्रास आढळतो हे मी रोज पाहत होते, तरी त्या रात्री मी मनातल्या मनात तोच हिशेब मांडत बसले: कोण, कधी, कुठे. म्हणून तुमची अवस्था मला नीट कळते. त्या हिशेबाला उत्तर का सापडत नाही, ते सांगते.

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातले साधारण १४ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेले, म्हणजे जास्त धोक्याचे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी यातला एखादा प्रकार गाठतोच, आणि त्यासाठी एकच जोडीदार पुरतो. आत शिरल्यावर तो रक्तात फिरत नाही, ताप आणत नाही, पेशी मारत नाही. कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात गुपचूप बसतो, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांनाही त्याची चाहूल उशिरा लागते. कधी कधी तो तपासणीत सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे केव्हातरी पुन्हा दिसू लागतो. आज पॉझिटिव्ह आलेला विषाणू लग्नाच्या आधीचा असू शकतो, लग्नानंतर लगेचचा असू शकतो, तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलेला असू शकतो किंवा उलटही. संसर्गाची तारीख सांगणारी कुठलीही तपासणी नाही. पुरुषांसाठी तर या विषाणूची नेहमीची म्हणावी अशी चाचणीच नाही, तेव्हा ‘तुम्ही तपासून या’ म्हणूनही निकाल लागायचा नाही.

गोनोरिया, म्हणजे ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात, तो निघाला असता तर मी एवढ्या ठामपणे बोलले नसते. तो बहुधा अलीकडचा असतो. क्लॅमिडिया हा संबंधातूनच होणारा जिवाणूंचा संसर्गसुद्धा बाईच्या शरीरात काही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने राहू शकतो, पण वर्षानुवर्षांच्या जुन्या संसर्गाचा खुलासा तिथे सहसा लागू पडत नाही.

यावरूनच एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मते तुमच्या बाबतीत खरी राहून गेलेली गोष्ट तीच आहे. पॅप चाचणी म्हणजे सगळ्या गुप्तरोगांची तपासणी, असं खूप जणी धरून चालतात. तसं नाही. पॅपमध्ये आम्ही पेशींचा आकार, केंद्रकाचा रंग, त्याभोवतीची जागा पाहतो. एचपीव्हीनं पछाडलेल्या पेशीत केंद्रकाभोवती एक मोकळं पांढुरकं कडं दिसतं, ते एकदा ओळखता आलं की विसरत नाही. ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी, कधी कधी स्लाइडवर दिसून जातो. पण क्लॅमिडिया आणि गोनोरिया पॅपवरून कळत नाहीत, त्यांच्यासाठी स्वॅब किंवा लघवीची वेगळी चाचणी लागते. पॅप नॉर्मल आणि क्लॅमिडिया पॉझिटिव्ह, हे एकाच बाईत एकाच दिवशी असू शकतं.

तुम्ही गेलात पांढरं जातं म्हणून, आणि परत आलात एचपीव्हीची काळजी घेऊन. मूळ तक्रार बाजूलाच राहिली! एचपीव्हीमुळे सहसा पांढरं जात नाही. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बहुधा बुरशी असते. पातळ, राखाडी, माशासारख्या वासाचा असेल तर योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. हे दोन्ही लैंगिक आजारांत धरत नाहीत. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास. नुसत्या वर्णनावरून ओळखण्यात चूक होते, म्हणून स्राव तपासूनच औषध घ्या. रिपोर्टवर ‘सूज’ दिसली की लगेच अँटिबायोटिक आणि योनीत ठेवायच्या गोळ्या, त्या संपल्या की पुन्हा दुसऱ्या, असं चक्र मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय, आणि त्याचा मला राग येतो. पॅपवरची सूज म्हणजे त्या जागी पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या, इतकंच. कारण सापडल्याशिवाय तिच्यावर औषध नको. आतून पाण्यानं किंवा कुठल्या द्रावणानं धुवायलाही जाऊ नका, त्यानं तोल आणखी बिघडतो.

स्वॅबमध्ये क्लॅमिडिया, गोनोरिया किंवा ट्रायकोमोनास निघाला तर मात्र नवऱ्यानंही औषध घ्यायलाच हवं, त्यांना काही त्रास नसला तरी. नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा तेच घेऊन बसाल. दोघांचं औषध संपेपर्यंत, आणि एकाच डोसचं औषध असेल तर त्यानंतरचे ७ दिवस, संबंध ठेवायचे नसतात. क्लॅमिडिया दुर्लक्षिला तर गर्भनलिकांपर्यंत चढतो. मूल न होणं आणि नलिकेत गर्भ राहणं यामागे अनेकदा अशीच एखादी जुनी, कधी न कळलेली सूज असते. एचपीव्हीमध्ये नवऱ्याला देण्यासारखं औषधच नाही. तुम्हालाही विषाणूवरचं औषध नाही. ‘एचपीव्ही घालवतो’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

मग घालवतं कोण? तुमचं शरीरच. दहापैकी साधारण नऊ संसर्ग २ वर्षांच्या आत आपोआप ओसरतात. माझा १४ महिन्यांनी निगेटिव्ह आला. उरलेल्या थोड्यांत विषाणू ठाण मांडतो, आणि धोका आहे तो या टिकून राहण्यात. गर्भाशयमुखावर आतल्या नाजूक पेशी आणि बाहेरच्या टणक पेशी जिथे भेटतात, तिथे वयात येताना आणि गरोदरपणात पेशी एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलत असतात. विषाणूला हीच जागा मानवते. (हीच आतली लालसर कातडी बाहेर दिसली की ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असं सांगून बायकांना घाबरवतात. बहुतेकदा ती जखम नसतेच, शरीराची नेहमीची ठेवण असते.) पण तिथे बस्तान बसवल्यावरही कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर ५ ते १० वर्षं. सिगारेट किंवा बिडी ओढण्यानंही विषाणूचं फावतं, ओढत असाल तर आजच सोडा.

या एवढ्या मोठ्या काळामुळेच तपासणीचा उपयोग होतो. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ हे नाव आलं त्या डॉ. पापानिकोलाऊंनी १९४३ मध्ये या चाचणीवर ग्रंथ काढला, त्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या पत्नी अँड्रोमाकी स्वतःचे नमुने त्यांना देत होत्या. स्लाइड लावताना मला त्या बाईंची आठवण येते.

तुमच्यात १६ किंवा १८ नाही, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी जवळपास ७० टक्क्यांच्या मागे हे दोनच प्रकार असतात. ते असते तर पॅप नॉर्मल असूनही दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, सुचवली असती. तुमच्यासारख्या रिपोर्टला साधारण एका वर्षानं पुन्हा चाचणी सांगतात. तेव्हाही पॉझिटिव्ह आला तर कॉल्पोस्कोपी होईल. त्यात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, बिघडलेला भाग पांढरा उमटतो, तिथला बारीक तुकडा तपासायला घेतात. थोडं चुरचुरतं, कळ येते, पण भूल लागत नाही.

पिशवी काढायचा विचार सोडून द्या. एचपीव्ही पॉझिटिव्हवर ती शस्त्रक्रिया हा उपचारच नाही, विषाणू योनीतही असू शकतो. पुढे कधी पेशींत गंभीर बदल निघाले तरी बहुतेकींचा तेवढाच भाग तारेच्या कड्यानं काढून टाकतात, गर्भाशय जागेवर राहतं. या रिपोर्टवर कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मुलीला जवळ घ्या, कुशीत झोपवा, तुमच्यापासून तिला असं काही होत नाही. ती ९ वर्षांची झाली की एचपीव्हीची लस मात्र जरूर द्या. संसर्ग गाठण्याआधी दिली तर तिचा सगळ्यात जास्त फायदा होतो. तुमचा आजचा संसर्ग लसीनं जाणार नाही, पण इतर प्रकारांपासून संरक्षण म्हणून तुम्ही घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि जमलं तर पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या. ‘हा विषाणू कधीचा?’ हा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा, म्हणजे उत्तर दोघं एकत्र ऐकाल. मी माझा रिपोर्ट आठ दिवस लपवला होता. घरात कोणी काही बोललं नाही, तरी ते आठ दिवस रिपोर्टपेक्षा जड गेले.

वर्षभर थांबायचं ते काही त्रास नसेल तरच. संबंधानंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडू लागले, स्राव रक्ताळ आणि घाण वासाचा झाला, किंवा तापाबरोबर ओटीपोटात दुखू लागलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. ताप आणि दुखणं एकत्र असेल तर त्याच दिवशी.