पोलिसांचं खरं काम काय? ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवलं तर?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 64 मध्ये पोलिसांची कामं लिहिली आहेत. गुन्हा घडू न देणं त्यात येतं. कलम 66 नुसार रस्त्यावरच्या असहाय माणसाला मदत करणंही त्यांचं कर्तव्यच आहे, उपकार नव्हे.

हद्दीचं म्हणाल तर, कोल्हापुरात मोबाइल महाद्वार रोडवर चोरीला गेला आणि तुम्ही शाहूपुरी ठाण्यात गेलात, तरी तक्रार घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 173 तसं सांगतं. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच.

लोक नेमके फसतात ते एका शब्दात. खिशातून मोबाइल काढून नेला असेल तर अर्जात ‘चोरी’ लिहा. ‘गहाळ’ लिहिलंत की नुसता दाखला मिळतो, तपास होत नाही. बिल आणि आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा वेगळा ओळख) क्रमांक जोडा.

तरीही ठाण्याने नकार दिला तर वर दाद मागा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा, पोचपावती जपून ठेवा. त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.