बळद ओळखलं होतं, तरी गप्प बसले

प्रश्न : ताई नमस्कार, मी पुण्यात बी.आर्क.च्या सेकंड इयरला आहे, मूळची धाराशिव जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी मिडीयम. खूप दिवस लिहायचं म्हणत होते पण धीर होत नव्हता, आता ज्युरी, म्हणजे शीट्स लावून परीक्षकांसमोर उभं राहायचं ते, झाली आणि तीन रात्री झोप नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर माफ करा.

आमचा मेझर्ड ड्रॉईंगचा, म्हणजे जुन्या इमारतीची मापं घेऊन तिची ड्रॉईंग काढायचा, ग्रुप प्रोजेक्ट होता. सोलापूरकडचा एक जुना दोन चौकी वाडा, सहा जणांचा ग्रुप, पाच दिवस साईटवर आणि मग महिनाभर शीट्स. सहा जण म्हणायला. टेप धरायला मी आणि माझी रूममेट, मापं लिहायलाही आम्हीच. एक मुलगी पहिल्याच दिवशी ऊन लागून आजारी पडली, तिचं काही नाही, पण दोन मुलं नुसते फोटो काढत फिरायचे आणि एक जण तर रोज सकाळी तासभर वाड्यातल्या आजींबरोबर चहा पीत गप्पा मारायचा आणि मग किल्ल्या घेऊन उगवायचा. रात्र रात्र जागून ऑटोकॅडवर प्लॅन आणि सेक्शन (उभे छेद) आम्ही दोघींनी काढले, मार्क मात्र सगळ्यांना सारखे.

पण झोप उडवलीय ती दुसऱ्याच गोष्टीनं. माजघराची मागची भिंत आम्ही चार फूट जाड दाखवली, अख्खी सॉलिड. बाहेरून ज्युरीला आलेल्या सरांनी बरोब्बर तिथंच पेन्सिल टेकवली, म्हणाले बाकीच्या भिंती अडीच फूट आणि हीच चार का, आत काय आहे? सहापैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मग म्हणाले तुम्ही वाडा बघितलाच नाही, नुसता टेप फिरवून आलात, ही शीट नाही रद्दी आहे. चाळीस जणांसमोर.

आणि ताई, मला माहीत होतं तिथं बळद आहे, भिंतीच्या आतलं धान्याचं कोठार. आमच्या गावाकडच्या घरात आहे ना, माळवदावरून (मातीच्या सपाट छतावरून) ज्वारी ओतायची आणि लागेल तशी खालच्या छोट्या तोंडातून काढायची. साईटवर ते तोंड दिसलं तेव्हाच ओळखलं होतं. पण सगळे इंग्लिशमध्ये बोलत होते, एक जण म्हणाला स्टोअरेज नीश, म्हणजे कोनाडा, असेल, मला बळदला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते येईना, हसतील असं वाटलं, गप्प बसले. वर्गातपण असंच होतं, उत्तर येत असतं, वाक्य जुळवेपर्यंत सर पुढं गेलेले असतात.

काम न करणाऱ्यांवर चिडायचा मला हक्क आहे का? पुढच्या वेळी वेगळे मार्क मागू का? आणि ते 'रद्दी' डोक्यातून काढू कसं?

– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी बरीच वर्षं आर्किटेक्चरच्या स्टुडिओचे वर्ग घेतलेत, ज्युरीलाही बसते, त्यामुळे आधी 'रद्दी'बद्दल बोलते. तो शब्द चूक होता. पाच दिवस उन्हात मापं घेऊन आलेल्या मुलांच्या कागदाला कुणी रद्दी म्हणू नये, कितीही मोठा आर्किटेक्ट असला तरी. तो शब्द तू सोडून दे, तो तुझा नाहीच. पण 'हीच भिंत चार फूट का' हा प्रश्न मात्र जपून ठेव, कारण तुमच्या सगळ्या शीट्समधली सगळ्यात महत्त्वाची जागा त्या माणसानं काही मिनिटांत शोधली. दोन्ही एकाच तोंडातून आलं म्हणून तुझ्या मनात त्याचा एकच गोळा झालाय. पुढच्या ज्युरीला मैत्रिणीला वही घेऊन मागं उभं कर, तिला सगळं लिहून घ्यायला सांग, कारण समोर उभं असताना आपल्याला फक्त लागणारे शब्द ऐकू येतात, कामाचं निम्मं निसटतं. वही दोन दिवसांनी उघडायची आणि ड्रॉईंगबद्दल जे असेल तेवढं वेगळ्या पानावर उतरवायचं, बाकीचं तिथंच राहू दे.

आता ती चार फूट. दार-खिडकी असते तिथं भिंतीची जाडी सरळ टेपनं मिळते. जिथं काहीच उघडं नाही तिथं काय करतो आपण? बाहेरून पूर्ण लांबी घेतो, आतून खोल्यांची मापं घेतो आणि वजाबाकी करतो. म्हणजे तुमची चार फूट वजाबाकीतून आली असणार. यात जरा ढिलाई झाली असती, एकेका खणाचं (दोन खांबांमधल्या जागेचं) माप सुटं सुटं घेऊन बेरीज मारली असती, टेप झोळ खात धरला असता, तर चुका साठत गेल्या असत्या आणि तो दीड फूट फरक त्यातच जिरून गेला असता, कुणाला पत्ता लागला नसता. तुम्ही दोघींनी इतकं नीट मोजलं की भिंतीत लपलेलं बळद आकड्यांत वर आलं! मला तर हे वाचून फार आनंद झाला. सरांना प्रश्न पडला तो तुमच्याच मापांमुळे पडला.

आणि उत्तर तुझ्याकडे होतं. इथं मी तुला गोंजारणार नाही. चिडायचा हक्क आहे, शंभर टक्के, फोटो काढत फिरणाऱ्यांवर तर आहेच. पण ग्रुपमध्ये टेप धरणं जसं काम आहे तसं 'हे बळद आहे' म्हणणं हेही कामच होतं आणि तेवढं तू केलं नाहीस. यात दोष एकट्या तुझा नाही हेही सांगते. ज्या ग्रुपमध्ये, ज्या वर्गात मराठी शब्द उच्चारायची लाज वाटते तिथल्या शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघायला हवं. वाड्याचं डॉक्युमेंटेशन करायचं आणि ओसरी, सोपा, माजघर, तुळई, कडी, जोतं हे शब्द नकोत, हे कसं चालेल? बळदला इंग्लिश शब्द शोधत बसू नकोस. शीटवर 'बळद' असंच लिहायचं आणि शेजारी एक ओळ, धान्य कुठून भरतात, कुठून काढतात.

वर्गात पूर्ण वाक्याची वाट बघू नको. सर बोलत असताना वहीत दोन शब्द लिही आणि हात वर कर, 'सर, हे बळद असेल का?' एवढंच, मराठीत. पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोललीस की पुढचं सोपं जातं, उशीर केला की छातीतली धडधड वाढतच जाते, वर्षानुवर्षं मुलामुलींना बघून सांगतेय.

तो चहा पिणारा मुलगा, त्याच्याबद्दल मला तुझं म्हणणं पटलं नाही. जुन्या वाड्यात परक्या पोरांना देवघर, कोठीची खोली, माडी कोण उघडून देतं गं? त्या आजींनी दिली कारण रोज सकाळी कुणीतरी त्यांच्यापाशी बसत होतं. फक्त त्याला काय विचारायचं ते माहीत नव्हतं. ते तुला माहीत होतं. तुम्ही दोघं एक दिवस एकत्र बसला असतात तर आजींनी तुम्हाला हाताला धरून माळवदावर नेऊन बळदाचं वरचं तोंड दाखवलं असतं, असं मला राहून राहून वाटतंय.

वेगळे मार्क जरूर माग, पण ज्युरीनंतर रडून मागू नको. काम सुरू व्हायच्या आधी सहा जण सरांसमोर बसा, कोण काय करणार ते कागदावर लिहा, फील्डबुकाच्या, म्हणजे साईटवर मापं लिहायच्या वहीच्या, प्रत्येक पानावर माप घेणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव टाका, आणि काही मार्क त्या पानांवर ठेवा अशी विनंती करा. समजूतदार शिक्षक ऐकतात. रोज संध्याकाळी गावातच बसून कर्णांची मापं जुळतात का बघायचं, सगळ्यांनी, कारण जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही आणि पुण्यात परत आल्यावर चूक कळली तर इलाज नसतो. कुणी काम टाळतंय हे तिथं दुसऱ्याच दिवशी उघडं पडतं, तेव्हाच बोलायचं. आणि त्याचं काम रात्री गुपचूप तुम्ही दोघींनी करून टाकायचं नाही, अजिबात नाही.

तो सेक्शन पुन्हा काढ. मार्क मिळोत न मिळोत, काढ, बळदासकट. त्या मुलाला सांग, आजींना फोन लाव आणि बळद आत किती खोल आहे ते विचार. सुट्टीत घरी जाशील तेव्हा तुमच्या बळदात टेप सोडून तेही मोज, आणि आईला विचार की ज्वारी भरल्यावर वरचं तोंड कशानं लिंपायचे, आत कडुनिंबाचा पाला घालायचे का. मला कळव, मला खरंच हवंय ते.