वॉरंटी संपली म्हणतात, पण बिघाड कधीचा आहे?

प्रश्न : नाशिकमधल्या दुकानातून घेतलेल्या आमच्या मायक्रोवेव्हवर दहाव्या महिन्यात ‘एसई’ असा एरर कोड यायला लागला, बटणं चालेनात. टेक्निशियन दोनदा आला, प्लग काढून पुन्हा लावला आणि चालू करून गेला. वॉरंटी एक वर्षाची होती. चौदाव्या महिन्यात कोड परत आला. आता म्हणतात वॉरंटी संपली, पॅनेलचे ४,२०० रुपये भरा. मी घरून डबे देते. ओट्यावरचे डबे बघून त्याने जॉबशीटवर ‘व्यावसायिक वापर’ असं लिहिलं आणि माझी सही घेतली. काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल. या कोडचा अर्थ बहुधा एखादं बटण आतून दाबलेलंच राहिलं आहे असा असतो, म्हणजे दोष कीपॅडचा, बटणांच्या पॅनेलचा. प्लग काढल्याने कोड पुसला जातो, दोष जात नाही. तो दोष तुम्ही वॉरंटीत असताना कळवला आहे आणि तोच दोष परत आला आहे. कंपनीने वॉरंटीत दुरुस्तीच केली नाही, फक्त दिवस ढकलले, ही तुमची बाजू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी अशा दोन्ही कारणांनी तक्रार होऊ शकते.

पण हे सिद्ध करणं तुमच्या अंगावर आहे. सेवेतली त्रुटी दाखवण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एसजीएस इंडिया प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून पहिल्या दोन भेटींच्या जॉबशीट, तक्रार क्रमांकाचे मेसेज आणि बिल आधी शोधून काढा. जॉबशीटवर कोड लिहिलेला नसेल तर कंपनीला ईमेल करून दोन्ही भेटींचा सर्व्हिस रेकॉर्ड मागा. त्यांनी दिला नाही, तरी तुम्ही मागितल्याचा पुरावा राहतो. कोड पुन्हा दिसला की तारखेसकट व्हिडिओ काढा. मात्र ओव्हन स्वतः उघडू नका, ओळखीच्या मेकॅनिकलाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. शिवाय एकदा बाहेरच्या माणसाचा हात लागला की कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता ‘व्यावसायिक वापर’. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का? आहात. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की मदतीला एकदोन माणसं घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही. दुसरा प्रश्न वॉरंटीच्या अटीचा. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट कार्डावर असेल, तर कंपनी तीच धरून बसेल. तेव्हा लेखी विचारा : डब्यांमुळे कीपॅडचं बटण अडकलं, हे कोणत्या तपासणीतून ठरवलं? डबे गॅसवर होत असतील आणि मायक्रोवेव्ह घरच्यांच्या जेवणापुरताच असेल तर तसं प्रतिज्ञापत्रावर सांगा. मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करून डब्यात भरत असाल तर तेही सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली, की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. राहता राहिली सही. ती कशावर आणि कोणत्या परिस्थितीत घेतली, हे आजच कंपनीला ईमेलने कळवा. उशीर झाला तर तो शेरा तुम्हाला मान्य होता असं दिसेल.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर कंपनी आणि दुकानदार दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत पुरे. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येईल. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते (कलम ३४). ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ती पहिल्यांदा कोड आला त्या तारखेपासून मोजा, म्हणजे वाद उरणार नाही.

आयोगाला वाटलं तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते. त्या तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, याची तयारी ठेवा. मागताना पॅनेल विनामूल्य बदलून देणं, ते जमत नसेल तर ओव्हन बदलून देणं किंवा किंमत परत, आणि त्रासाची भरपाई असं स्वतंत्रपणे मागा.

मायक्रोवेव्हवाचून अडत असेल तर दुरुस्ती करून घ्यायला हरकत नाही. मात्र ४,२०० रुपये भरताना ‘हक्क राखून, आक्षेप नोंदवून’ असं पावतीवर लिहा. ते लिहू देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा. आणि काढलेलं जुनं पॅनेल टेक्निशियनला नेऊ देऊ नका. ते मागून घ्या, तुम्हाला दिल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या आणि बिलासोबत पिशवीत बंद करून ठेवा.